तुळजाबाईंनी उचललेला भंडारा

त्या दुपारी धायरीतल्या आपल्या घरात तुळजाबाई मेथी निवडत बसल्या होत्या. बाहेर बुलेटचा आवाज आला आणि जुडी हातातच राहिली. आवाज दाराशी मंद झाला, क्षणभर घुटमळला, मग पुढे गेला. आतल्या खोलीत शालूचं शिवणयंत्र थांबलं होतं, ते बऱ्याच वेळाने पुन्हा सुरू झालं. हे आता रोजचंच होतं.

बुलेट जयसिंगची. नात्याने तो शालूचा चुलत चुलता. दोन वर्षांपूर्वी त्याने आपल्या गोठ्यात शालूवर बलात्कार केला. पुण्याच्या सत्र न्यायालयाने दहा वर्षांची शिक्षा दिली, त्याने मुंबईला उच्च न्यायालयात अपील केलं, आणि निकाल लागेपर्यंत जामिनावर सुटून तो पुन्हा त्याच गल्लीतून फिरू लागला. कायद्याने त्यात वावगं काही नाही. कडी लावून घरात बसायचं ते शालूने!

पण तुळजाबाईंना खरी धास्ती होती ती स्वतः करून बसलेल्या गोष्टींची. त्या दिवशी फाटक्या ओढणीनिशी लेक घरी आली तेव्हा त्यांनी बंब पेटवला, तिला कढत पाण्याने न्हाऊ घातलं, कपडे धुऊन टाकले. डॉक्टरांना पुढे काहीच सापडलं नाही ते त्यामुळे. दुसऱ्या दिवशी देवळात भावकी बसली. जयसिंगचे वडील आप्पासाहेब, तुळजाबाईंचे चुलत सासरे, त्यांनीच शपथेसाठी देवाचा भंडारा पुढे केला.

"सूनबाई, ह्यो उचल आन सांग, पोरीला कुणी हात लावला न्हाय. तिचं लगीन व्हायचंय अजून."

नवरा वारलेला, घराची भिंत आप्पासाहेबांच्या भिंतीला लागून. तुळजाबाईंनी भंडारा उचलला आणि खोटं बोलल्या. जयसिंगच्या हातात भंडारा द्यावा असं भावकीतल्या एकाही पागोटेवाल्याला सुचलं नाही. तशी रीतच नाही ना!

आठवड्याने शालू एकटी चौकीत गेली. पुढे खटल्यात आरोपीच्या वकिलाने तुळजाबाईंना विचारलं, देवासमोर काही झालं नाही असं म्हणालात, हे खरं का? त्या म्हणाल्या, "व्हय. खोटा उचलला भंडारा."

तेव्हापासून शालूला साधी शिंक आली तरी त्या देवाला हात जोडायच्या. देव आता पोरीवर उठणार, आणि तेच वाक्य धरून वरचं कोर्ट जयसिंगला सोडणार.

"वरच्या कोर्टात मला पुन्ना इचारत्याल का हो?" त्यांनी विजयमालाबाईंना विचारलं होतं. या कोथरूडच्या वकीलबाई सुरुवातीपासून शालूच्या पाठीशी होत्या.

"नाही. तिथे फक्त कागद वाचतात. तुमचे हात कसे थरथरत होते ते कागदावर उमटत नाही. कुणी येऊन काही सही मागितली तर मात्र आधी मला कळवा. लोक फार प्रेमाने येतात अशा वेळी."

बुलेट गेली त्याच दुपारी आप्पासाहेब प्रेमाने आले. तुळजाबाईंनी डोक्यावरचा पदर सावरला. आप्पासाहेबांनी स्टँपपेपर पाटावर ठेवला.

"देवाफुडं बोललीस त्येच खरं, कोर्टात पोलिसांच्या सांगन्यावरनं बोलले, एवढंच लिवलंय. अंगठा कर. भंडारा खोटा करू नगं, सूनबाई. एकुलती एक लेक हाय तुला."

शेवटचं वाक्य त्यांनी अगदी मायेने म्हटलं. शालू दारात येऊन उभी राहिली होती. ती आईच्या अंगठ्याकडे बघत राहिली. ते बघणं तुळजाबाईंना सोसवेना. त्यांनी अंगठा मुठीत दाबून धरला.

"आप्पा, खोटं एकडाव बोलले. आता देवानं मारलं तर मारू द्या. म्या अंगठा न्हाय करायची."

आप्पासाहेबांनी कागद उचलला. "बघू कोर्ट कुनाचं ऐकतंय," म्हणत ते गेले. ते गेल्यावर तुळजाबाईंनी विजयमालाबाईंना फोन लावला.

सुनावणीच्या दिवशी मायलेकी मागच्या बाकावर बसल्या. सगळं इंग्रजीत चाललेलं. विजयमालाबाई कानाशी सांगत होत्या. जयसिंगचे वकील म्हणाले, जी बाई देवासमोर खोटं बोलते ती न्यायाधीशासमोर का नाही बोलणार? तुळजाबाईंनी डोळे मिटून घेतले.

काही दिवसांनी निकाल आला. न्यायमूर्तींनी लिहिलं होतं, की मुलीची साक्ष कुठेही डळमळत नाही, तिला दुसऱ्या आधाराची गरज नाही. आई शपथेची गोष्ट नाकारू शकली असती, पण तिने स्वतःला कमीपणा आणणारं सत्य सांगितलं. भीतीपोटी एकदा खोटं बोललेली बाई तेवढ्याने कायमची खोटी ठरत नाही. खालच्या न्यायाधीशांनी या दोघींना प्रत्यक्ष बोलताना पाहिलं आहे. त्यांचा विश्वास उलटवावा असं काहीही समोर आलेलं नाही. अपील फेटाळलं.

जयसिंग तुरुंगात गेला. शालूने दार उघडं ठेवून शिवायला सुरुवात केली. पण भिंतीपलीकडे आप्पासाहेब होतेच, आणि भावकीही होतीच.

पावसाळा सरल्यावर एका संध्याकाळी शेजारची सरुबाई धावत आली. तिची नात मळ्यातून रडत आली होती. कोण होता तेही तिने सांगितलं होतं, भावकीतलाच.

"आप्पा म्हनलं, उद्या देवळात बसू. तंवर पोरीला न्हाऊ घाल. बंब पेटिवलाय म्या."

तुळजाबाई उठल्या. "इझव त्यो बंब. कापडं धुवू नगं. हायेत त्याच कापडांनी तिला चौकीवर न्यायची."

"येकटी कशी जाऊ गं?"

तुळजाबाईंनी चपला पायात सरकवल्या. चौकीची वाट आप्पासाहेबांच्या फाटकावरून जात होती. फाटकात आप्पासाहेब उभे होते. तुळजाबाईंचा डोक्यावरचा पदर घसरला. पण सरुबाईच्या नातीचा हात त्यांनी सोडला नाही.