मानेवरचा उजेड

‘डाग झाकू नये गं पोरी, पाण्यात घालून बघावा.’ लहानपणी चादरींच्या ढिगावर लोळताना ऐकलेला आत्याचा तो खणखणीत आवाज भाचीच्या कानात अजून घुमत होता. आणि आज तीच आत्या, लॉन्ड्रीची मालकीण, इस्त्रीच्या खोलीत अंधार करून मान वर धरून बसली होती! उद्या तिच्या गळ्यातल्या गाठीचं ऑपरेशन होतं, आणि बाईसाहेब म्हणत होत्या, जायचं नाही.

“जड अणूत न्यूट्रॉन जादा!” गाठ मंत्राने घालवायला आलेले अणुबाबा गरजले. “मंत्राने अणू फोडला, जादा न्यूट्रॉन या जलात धरले. आता ते गाठ फोडणार!” आत्याच्या मानेला पाणी चोपडून त्यांनी हातातल्या पेटीची फट तिकडे वळवली. मान निळीशार उजळली!

“अगं बाई!” इस्त्रीवाल्या मावशींनी हात जोडले.

शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या भाचीला राहवेना. “बाबा, न्यूट्रॉन जादा असतात ते युरेनियमसारख्या अणूत. तिथे प्रोटॉनांची दाटी, सगळे एकमेकांना ढकलणारे. जास्तीचे न्यूट्रॉन असतात म्हणून अणूचं घर टिकतं. ते फुटून दोन लहान घरं झाली, की तेवढे लागत नाहीत. उरलेले उधळतात, शेजारची घरं फोडतात. पाण्यात काय आहे? हायड्रोजनकडे न्यूट्रॉनच नाही, ऑक्सिजनकडे प्रोटॉनांइतकेच. तुम्ही फोडलंत काय, बुडबुडा? खरंच एवढे अणू फुटते, तर आधी तुमची दाढी उडाली असती!”

“तर्काला सूक्ष्म दिसत नाही, ताई!”

“मग स्थूलच बघू.” तिने पेटीचं झाकण उचललं. आत नोटा तपासायचा जांभळा दिवा! आणि काय सांगावं, मावशींचा एप्रन उजळला, सगळ्यांच्या कॉलरी उजळल्या, बाबांचा झगा तर नखशिखान्त!

“मीही सिद्धपुरुष!” दारातला लॉन्ड्रीचा डिलिव्हरीवाला उजळलेले मोजे नाचवू लागला.

“पायात उजेड, डोक्यात अंधार!” मावशींनी टोला हाणला.

भाचीने कोपऱ्यातल्या पोत्यातली चिमूटभर पावडर मगातल्या पाण्यात कालवून दिव्याखाली धरली. तोच निळा उजेड! कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून ही मंडळी रोज हातांनी धुण्यात घालत होती तीच पावडर. अंधारात अशा दिव्याखाली कुणी कधी बघितलीच नव्हती.

बाबा दाराकडे सरकले. “झगा ठेवून जा,” मावशी ओरडल्या, “न्यूट्रॉन धुऊन देते!”

हसून हसून खोली हलली. भाची म्हणाली, “हसा, पण एवढं ध्यानात ठेवा. चमकलं म्हणजे बरं झालं असं नाही. उजेड दिसला, की आधी दिवा शोधा.”

आत्याही डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. मग ओल्या फडक्याने तिने मान पुसली. उजेड गेला, गाठ होती तिथेच होती.

“गाठ तशीच आहे हे मला ठाऊक होतं गं,” ती हळूच म्हणाली. “रोज चाचपून बघत होते. ऑपरेशनमध्ये आवाज गेला तर? त्याचीच भीती वाटत होती. डॉक्टरांनाही विचारलं नाही. उद्या येशील माझ्याबरोबर?”