दुसरा स्लॉट

"मदरबोर्ड गेला" असं सांगायला अक्कल लागत नाही. शहागंजातल्या माझ्या दुकानात असे कितीतरी 'गेलेले' मदरबोर्ड येतात आणि धडधाकट होऊन घरी जातात. मी तहरीम. माझ्या टेबलावर आधी झाकण उघडतं, मग तोंड.

करमाडची मोनाली दोन वर्षांपासून ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान चालवते. त्या दुपारी ती कॉम्प्युटर घेऊन आली. सोबत सासरे, नानासाहेब.

"दीदी, फॉर्म अर्धा भरला की बंद पडतंय. तिकडचा मेकॅनिक म्हनला, बोर्ड गेला."

"आज नीट झालं नाय, तर गाळा खतवाल्याला देतो," नानासाहेब म्हणाले. "लई झालं."

मोनालीचे डोळे भरून आले. मला म्हाताऱ्याचा रागच आला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दिवाळीत जादाची रॅम टाकली, तवापासून."

आत दोन रॅम होत्या. दोन्ही काढल्या. नवी पहिल्या स्लॉटमध्ये बसवली, मशीन चालू. जुनी बसवली, तरी चालू. म्हणजे दोन्ही शाबूत. मग तीच जुनी दुसऱ्या स्लॉटमध्ये बसवली, तर मशीन नुसतं बीप बीप करत बसलं. रॅम काढून मी स्लॉटवर बॅटरी मारली. तळाशी लाल गाळ बसला होता. थोडा बोटावर घेतला. कुंकू!

"मोनाली, कॅबिनेट आडवं ठेवतेस? जाळीवर कुंकू कोण वाहतं?"

"आडवंच असतं. पन मी नाय वाहत, दीदी. सकाळी मला वेळ कुठला?"

नानासाहेबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मी वाहतो," ते म्हणाले. "पहाटं, ही उठायच्या आत. गाव नावं ठेवायचं, सुनंला दुकानात बशिवलं म्हनून. म्हनलं, देवा, हिचं दुकान चालू दे. पन मशीन बंद पडाया लागलं आन् लोक हिला हसाया लागले. ते बघवंना."

माझा राग कुठल्या कुठे गेला. दोन वर्षं रिकाम्या स्लॉटमध्ये कुंकू साचलं होतं आणि दिवाळीत त्यावरच नवी रॅम दाबून बसवली होती. ब्रशनं आणि स्पिरिटनं स्लॉट साफ केला, रॅमच्या सोनेरी पिना खोडरबरनं घासल्या, दोन्ही बसवल्या. तासभर मेमरी टेस्ट चालवली. एकही चूक नाही. अर्थात, ते मला आधीच माहीत होतं.

"बेटी, आता कुंकू कुठं वाहू?" नानासाहेबांनी मला विचारलं.

उत्तर मोनालीनं दिलं. "मामा, कुंकू राहू द्या. सकाळी शटर तुमीच उघडा. गावाला बघू द्या."

नानासाहेबांनी खिशातून फोन काढला आणि खतवाल्याला लावला.

"गाळा मिळायचा नाय," ते मोठ्यानं म्हणाले. "माझ्या सुनंचं दुकान हाय तिथं."