बाण वरच्या बाजूला

मंगळवारी शीतखोलीत मी बर्फाचा दंड क्रमांक सत्तेचाळीस उलटा उभा केला, आणि बुधवारी हिमयुग आमच्या संस्थेत आलं. साडेदहाला, म्हणजे आमच्या आधी.

दंडावर बाण असतो. हिमनदीला भोक पाडून बर्फ बाहेर काढला की वरची बाजू कळावी म्हणून लगेच बाण काढतात. वर अलीकडचं, खाली जुनं. माझ्या हातून बाण खाली गेला.

हिमयुग चांगलं होतं. ऐन मे महिन्यात पुण्यात मी स्वेटर घातला. पार्किंगमध्ये एक केसाळ हत्ती स्कूटर हुंगत होता, त्याला वॉचमननं पास विचारला. संचालक केसकर गुडघाभर बर्फात उभे राहून म्हणाले, "वर्तमान समजण्यासाठी भूतकाळाचा अभ्यास, असं आपण प्रत्येक अर्जात लिहितो. आता दोन्ही एकाच मजल्यावर!"

संध्याकाळी बायकोचा, उज्ज्वलाचा फोन आला.

"अहो, पाळण्याला निळा रंग देऊ की पिवळा?"

आमची मुलगी बंगळुरात नोकरी करते. मी पिवळा म्हणालो. मागच्या वेळीही पिवळाच म्हणालो होतो.

गुरुवारी बर्फ खुर्च्यांच्या हातांपर्यंत चढला आणि कॉरिडॉर निम्मा झाला. पुन्हा फोन.

"रविवारी मला बघायला येणार ते तुम्हीच ना? बाबा विचारतायत, चहा की कॉफी?"

"चहा. तुम्ही त्यात साखरेऐवजी मीठ घालणार आहात."

"काहीतरीच काय!" ती हसली. हे हसू मी विसरलो होतो. दुपारभर मी खुशीत होतो.

शुक्रवारी मीच फोन लावला.

"कोण ठकार? आमच्याकडे पाचला पाहुणे यायचेत. नाशिकचे इंजिनिअर. ठेवते."

नाशिकच्या स्थळाला तिनं नकार दिला होता, कारण पुढच्या रविवारी मी येणार होतो. आता पुढचा रविवार मागे पडला होता; नकाराला कारणच उरलं नव्हतं.

दंडाला हात लावायचा तर दोन माणसं हवीत, असा नियम आहे. म्हणून सहकारी गुंजाळबाईंना घेऊन मी आडवा-आडवा सरकत शीतखोलीत पोचलो. खोली कपाटाएवढी उरली होती. साडेचार झाले होते.

"सर, हातमोजे काढलेत?"

"बाण चाचपत होतो. दिसत नव्हता."

"सापडला?"

"हो. पण तळवे चिकटले."

बाईंनी ओढून पाहिलं. मग चष्मा पुसला.

"मग तुम्हीच उलटे व्हा. तुम्ही झालात की दंडही होईल."

"या वयात?"

"दंडाचं वय बघा, सर."

त्यांनी माझे घोटे धरून उचलले. या बाईंनी आजवर माझी एक फाइलही उचलली नव्हती. पाचला दोन मिनिटं कमी असताना माझं डोकं खाली गेलं आणि बाण वर आला. खिशातला फोन निसटून, आता माझं छत झालेल्या जमिनीवर पडला आणि तिथेच वाजू लागला. बाईंनी माझा एक पाय सोडून बटण दाबलं.

मागे कपबशा वाजत होत्या.

"अहो, चहा टाकलाय," उज्ज्वला म्हणाली. "येताय ना?"

बाणाचं टोक माझ्या नाकासमोर होतं. तिथे पाण्याचा पहिला थेंब धरला, लोंबला आणि वर पडायला निघाला.