हात हरवलेला साहेब

मित्रांनो, मी एक जुना काळा कोट आहे. काळा म्हणायचं ते जुन्या ओळखीनं. उन्हापावसानं माझा रंग केव्हाच राखेसारखा झाला आहे. माझी कथा म्हणजे खरं तर बिसरामची कथा. कोटाला स्वतःचं असं आयुष्य कुठलं? ज्याच्या अंगावर चढावं, त्याचे दिवस तेच आपले दिवस.

गोंदियाच्या छोटेलाल शिंप्यानं मला रेल्वेतल्या एका गोऱ्या साहेबासाठी शिवलं. जाड लोकर, पितळी बटणं, आत लाल अस्तर. मला घालून साहेब फलाटावर आला की हमाल आपोआप बाजूला सरत. सत्तेचाळीस साली देश स्वतंत्र झाला आणि साहेब सामान बांधून निघून गेला. मी जुना झालो होतो, डाव्या बाहीत अस्तर फाटलं होतं, म्हणून त्यानं मला खुंटीवरच सोडलं. त्याचा स्वयंपाकी भैय्यालाल याची केशोरी गावच्या बिसरामशी ओळख होती. "ले जा भाई, तेरे नाटक में काम आएगा," म्हणत त्यानं मला बिसरामच्या खांद्यावर टाकलं.

बिसराम दुसऱ्याच्या धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची शेतं, ठेक्यानं करायचा आणि दिवाळीनंतर दंडारीत लोकांना हसवायचा. त्या दिवसांत गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा भरते आणि भर दुपारी मोकळ्या मैदानात दंडारीचा नाच, गाणं, सोंग रंगतं. त्या वर्षी त्यानं गोऱ्या साहेबाचं सोंग घ्यायचं ठरवलं. ढोलकी वाजू लागली, त्यानं घाईनं मला अंगात घातलं, आणि त्याचा डावा हात बाहीत न जाता फाटक्या अस्तरात शिरला. काही केल्या निघेना! तसाच तो लोकांपुढं आला. रिकामी बाही वाऱ्यावर लोंबत होती.

लोक हसले. बिसरामनं बाहीकडं पाहिलं, डोळे वटारले आणि ओरडला, "माहा हात कोनं चोरला? शिपाई! साऱ्या गावाची झडती घ्या!"

मग त्यानं ढोलकीत वाकून पाहिलं, भाजीवालीच्या टोपलीत पाहिलं, शेवटी पाटलाच्या पागोट्यातही पाहिलं. पाटील स्वतः डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसला. ज्या कोटापुढं माणसं दबून असत, त्याच कोटाला पाहून ती पोट धरून हसत होती. क्षणभर मला लाज वाटली. पण बिसरामची छाती आनंदानं अशी धडधडत होती, की माझी लाज तिथंच विरून गेली.

घरी त्याची बायको धुरपता सुईदोरा घेऊन बसली, तर त्यानं तिचा हात धरला. "शिवू नोको वो. याच फाटक्यात माहं नशीब हाय."

आणि नशीब उघडलंही. नवेगाव, अर्जुनी, देवरी; जिथं मंडई तिथं बिसराम. चहाच्या दुकानात माणसं सरकून जागा देत, "या साहेब!" पोरंसोरं एक हात सदऱ्यात लपवून गल्लीभर ओरडत फिरत. बिसराम हे नाव हळूहळू कुणी घेईनासं झालं. त्याला त्याचं वाईट वाटलं नाही, उलट अभिमानच वाटला.

गोंदियाच्या केशोरावांची नाटक कंपनी होती, रंगवलेल्या पडद्यांची. त्यांनी बिसरामला बोलावून घेतलं. त्यानं ठेक्याच्या बांध्या सोडून दिल्या तेव्हा धुरपता म्हणाली, "धान दरसाल पिकते. हासू दरसाल पिकन का?"

"लोक मले विसरतीन का वो?" तो हसत म्हणाला.

कंपनीत काही वर्षं सुखाची गेली. साहेबाच्या शिपायाचं काम उदाराम नावाचा गडी करायचा. गोड गळ्याचा, चलाख. मग एका हिवाळ्यात बिसरामला हिवतापानं धरलं आणि सगळा हंगाम तो अंथरुणाला खिळला. मी खुंटीवर लटकलो. तिकडं साहेबाचं सोंग उदारामनं उचललं. नवा कोरा कोट, मधूनच हिंदी चालीची गाणी. लोक त्याच्यासाठी वेडे झाले.

बरा होऊन बिसराम मला घालूनच कंपनीत गेला. केशोराव वाईट माणूस नव्हते, पण स्पष्ट बोलणारे होते. "बिसराम, लोकायले आता उदारामच पायजे. तू पडदा ओढ."

त्यानं पडदा ओढला. एका हातानं दोर धरून तो विंगेत उभा राही, आणि बाहेर हशा उठला की त्याचा डावा हात नकळत माझ्या अस्तरात शिरे. कुठं थांबायचं, कुठं वळायचं, कुठं डोळे वटारायचे, सगळं त्याचंच होतं. उदारामही कृतघ्न नव्हता. रंगमंचावर जाण्याआधी तो बिसरामच्या पाया पडे. पण ते पडद्यामागं. पडद्यापुढच्या लोकांना हे कोण सांगणार?

शेवटी त्याला ते सोसवेना. तो केशोरीला परतला, तर त्याच्या बांध्या दुसऱ्याकडं गेलेल्या. धुरपता मजुरीनं धानाच्या रोवणीला जाऊ लागली. पुढच्या मंडईत बिसरामनं ठरवलं, निदान आपल्या गावात तरी एकदा उभं राहू. मला झटकून त्यानं अंगात घातलं, हात अस्तरात घातला आणि ओरडला, "माहा हात कोनं चोरला?"

कुणी हसलं नाही. मग मागून एक जवान पोरगा म्हणाला, "अरे, हा तं उदारामची नक्कल करून राहिला!"

त्यावर मात्र सारी मंडई हसली.

"पोट्टेहो, हे माहंच होय," बिसराम म्हणाला. "मीच काढलं हे." लोक आणखी हसले. त्यांना तेही सोंगच वाटलं. त्यानं हात हिसका देऊन बाहेर ओढला. माझं अस्तर खांद्यापर्यंत टरकन फाटलं. तो मैदानातून चालत घरी गेला, आणि त्यानंतर कुणाला हसवण्यासाठी त्यानं तोंड उघडलं नाही.

साठ सालच्या पौषात, एका सकाळी तो गेला. अंगावर मीच होतो. शेजारचा बकाराम आसपासच्या गावांत निरोप सांगायला निघाला. बिसराम म्हटलं तर कुणाला कळणार नाही, म्हणून तो म्हणे, "साहेब गेला."

बकारामनंच मागाहून सांगितलं, एका गावात माणसं हातातलं काम टाकून धावत आली. एक बाई तर रडूच लागली. "कोन, उदाराम?"

"नाही. बिसराम."

"कोन बिसराम?" त्यांनी एकमेकांकडं पाहिलं. मग एकजण सुटकेचा श्वास टाकून म्हणाला, "मंग ठीक हाय." आणि सगळे आपापल्या कामाला लागले.

तिरडीला खांदा द्यायला चौघे शेजारीच होते.

धुरपतेनं मला जाळलं नाही, टाकलंही नाही. ती राखण करते त्या परक्याच्या बांधीत तिनं मला आडव्या काठीवर चढवलं आहे. पाखरं दोन दिवस भ्याली. आता माझ्या खांद्यावर बसून धान खातात.

मित्रांनो, ज्यानं तुम्हाला पोटभर हसवलं, त्याला हसून झाल्यावर एकदा त्याचं नाव विचारा. विचारलंत तरी ते तुमच्या ध्यानात राहील, अशी आशा मला उरलेली नाही. तरीपण विचारा. त्याच्या कानावर एकदा त्याचं नाव पडू द्या.