डागाखालचं अक्षर

...आणि डाग पडला होता तो नेमका शब्दाच्या तोंडाशी. कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे आईने ज्यूंच्या यिद्दिश भाषेत लिहिलेली लाटक्यांची, बटाट्याच्या किसाच्या तळलेल्या वड्यांची, कृती. ओळ उजवीकडून डावीकडे जाते, चौथ्या ओळीत ‘दोन लहान चमचे’ एवढं स्वच्छ वाचता येतं, मग तेलाचा तपकिरी डाग, मग डागातून बाहेर आलेली तीन अक्षरं – ‘आल्त्स’. ‘झाल्त्स’ असेल तर मीठ. ‘श्माल्त्स’ असेल तर कोंबडीची कढवलेली चरबी. पेर्लाने पान खिडकीच्या काचेला लावलं. पलीकडे ब्यूनोस आयर्समधलं डिसेंबरचं कडक ऊन होतं. डाग पिवळा दिसला. अक्षर दिसलं नाही.

दीड किलो बटाटे किसून, फडक्यात पिळून झाले होते. पिळलेल्या पाण्यातला पांढरा साका तळाशी बसत होता. वरचं पाणी ओतून तो पुन्हा किसात घालायचा, हे कागदावर नसलं तरी तिच्या हातांना माहीत होतं. हाताला माहीत नव्हता तो एवढा एकच शब्द. म्हणून सकाळीच तिने दोन्ही आणून ठेवलं होतं – चरबीची बरणी आणि आंबट क्रीमचा डबा. दोन्ही एका ताटात येणार नव्हतं. ज्यू धर्मात मांसाचं आणि दुधाचं एकत्र खायचं नाही. ती स्वतः एवढं पाळत नसे, पण तिची मोठी बहीण फानी आज रोसारिओहून आली होती, आणि फानी मुलीच्या लग्नापासून सगळं काटेकोर पाळत होती. मामे, त्यांची आई, ऑगस्टमध्ये गेली. तिच्याशिवायचा हा पहिला हनुक्का, दिव्यांचा सण.

पण क्रीम तर होतं... पेर्ला सहा वर्षांची, दुपारची वेळ, मामेने गरम लाटक्यावर क्रीमचा गोळा ठेवला, अर्धा स्वतः खाल्ला, अर्धा हिच्या तोंडात दिला, आणि ओठाच्या कोपऱ्यातलं क्रीम अंगठ्याने पुसत म्हणाली, “शा!” – गप्प. बस, एवढंच. चार भावंडांच्या घरात मामे एकटी तिच्या वाट्याला आली, ती ही एवढी. तेव्हा ते मीठच असायला हवं होतं. मीठ असेल तर ती दुपार खरी.

“अजून त्या कागदालाच चिकटलीयेस?” खांद्यावर टॉवेल टाकून फानी दारात उभी होती. “कीस काळा पडतोय बघ.”

“हे मीठ आहे की श्माल्त्स, सांग ना.”

फानीने चष्मा कपाळावर चढवून कागद नाकाशी धरला. “श्माल्त्स. मीठ काय कुणी लिहून ठेवतं?”

“मग श्माल्त्स तरी कोण लिहून ठेवतं?”

“तुझ्यासारखीला लिहूनच द्यावं लागतं, बाई.”

“मग आपण क्रीम लावून खायचो, ते?”

“क्रीम? आपल्याकडे? सफरचंदाचा गर, कायम! क्रीम वरच्या एतेलबाईंकडे. दिवसभर तिथेच तर पडलेली असायचीस.”

“तू त्या वेळी गोवराने झोपून होतीस. तुला काय माहीत?”

“गोवर झाला म्हणून मला नाक नव्हतं का गं?” फानी हसली आणि आंघोळीला गेली.

एतेलबाई. हे तिला कधी सुचलंच नव्हतं. तो अंगठा सुईने टोचून खरबरीत झालेला होता, म्हणजे मामेचाच – पण एतेलबाईही शिवायच्या. त्या गल्लीत शिवत कोण नव्हतं... आणि ‘शा’ म्हणजे तरी काय होतं? पलीकडच्या खोलीत तापाने फणफणलेली फानी झोपली आहे, जागी होईल – एवढंच? की चरबीवर क्रीम घालून आपण दोघींनी जे खाल्लं ते कुणाला कळू नये...

तिने कांदा, अंडी, साका घातला. चवीला मीठ. मग बरणी उघडून दोन लहान चमचे चरबी. तेल तापल्यावर पहिला लाटका सोडला. कडा तांबूस झाल्यावर उलटला, काढला. न्हाणीघरात पाणी वाहत होतं. ओट्याशी उभ्यानेच तिने त्यावर क्रीम घातलं आणि खाल्लं. चांगला झाला होता. जीभ भाजली. चवीवरून काही आठवेल असं वाटलं होतं. काही आठवलं नाही.

पाणी थांबलं.

“पेर्ले, एकटीच काय खातेयस गं?”

तिने ओठाचा कोपरा अंगठ्याने पुसला. क्रीमच्या डब्याला झाकण लावून तो फ्रिजमध्ये, दह्याच्या मागे सरकवला.

“काही नाही. मीठ बघतेय.”

खोटं किती सहज बोललो आपण – जणू कुणी शिकवून ठेवलं होतं. सकाळपासून ती त्या डागाखाली मीठ शोधत होती. आता पुढचा लाटका तेलात सोडताना तिला वाटलं, श्माल्त्सच असू दे... आणि कागद ओट्यावरून उचलून तिने पालथा ठेवला.