देवरावांचं शांत काळीज

देवरावांना रामटेकचा गड पायी चढायचा होता आणि त्यांच्या पत्नी इंदुताई त्यांना फाटकाबाहेर पाऊल टाकू देत नव्हत्या. तपासताना डॉक्टर नुसतं ‘हं’ म्हणाले होते. त्या ‘हं’चा अर्थ इंदुताईंनी घरी येऊन लावला: काळजाचा ठोका चुकतो.

“चुकते तर चुकू दे ना वं, वाटेत सापडन,” देवराव म्हणाले. उपयोग झाला नाही.

शेवटी निवाडा जावयाकडे गेला. मोरेश्वरराव इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत. सत्त्याऐंशीच्या त्या हिवाळ्यात त्यांनी कॉलेजच्या कॉम्प्युटरला कृत्रिम बुद्धी दिली होती. ती बुद्धी काळजाची लय ओळखायची आणि चाकांची एक पेटीही माणसांमधून वाट काढत चालवायची. एका वेळी दोन कामं सासरी कोणालाच जमत नसल्यामुळे जावयाचा शब्द तिथे अखेरचा होता.

प्रयोग पाहायला डॉक्टरही आले. देवरावांना खुर्चीत बसवून छातीला तारा चिकटवल्या. जन्म संत्र्याच्या अडतीत गेलेला माणूस. भाव कोसळला तरी पान चघळत बसणारा. आताही तसेच बसले. कॉम्प्युटरने बराच विचार केला आणि पडद्यावर उमटलं: लय बिघडलेली.

“पाह्यलं? मशीनले कळलं, तुमाले कळत नाही!” इंदुताई म्हणाल्या.

वातावरण निवळावं म्हणून मोरेश्वररावांनी ती चाकांची पेटी, म्हणजे त्यांची गाडी, सोडली. ती शिकली होती कॉलेजच्या व्हरांड्यात, जिथे पोरं तिला पाहताच उडी मारून बाजूला होत. त्यावरून तिची पक्की समजूत झाली होती की माणूस हा अडथळा नव्हेच, तो आपोआप हटतो. ती सरळ देवरावांवर आली. तारांनी जखडलेले देवराव हटणार कुठे?

“जावईबापू, आवरा हिले! धोतरात घुसून राहिली ना!”

गाडी धोतरात अडकून थांबली. पडद्यावर उमटलं: लय उत्तम.

मग डॉक्टरांनी विचारलं, “निरोगी काळजाचे नमुने कोणाचे घेतले होते?”

“विद्यार्थ्यांचे.”

“कधी?”

“तोंडी परीक्षेच्या रांगेत,” मोरेश्वरराव म्हणाले. “एरवी पोरं एका जागी थांबतात कुठं?”

डॉक्टरांनी कागदावरची लय स्वतः पाहिली. ठोका एकही चुकत नव्हता. मशीनने बिचाऱ्याने शांत काळीज आजवर पाहिलंच नव्हतं. “खुशाल गड चढा,” ते म्हणाले.

इंदुताईंनी जरा विचार केला. “डॉक्टर म्हणते ते खरं. पण मशीन बी अगदीच खोटं नाही. यायचं काळीज धाकात बरं चालते. मीच संगं येईन.”

तारा अजून छातीलाच होत्या. मनातलं लपवायची सोय नव्हती. “चाल,” एवढंच देवराव म्हणाले. पडद्यावर पुन्हा उमटलं: लय उत्तम. डॉक्टरांनी पडद्याकडे एकदा पाहिलं आणि सभ्यपणे बटण बंद केलं.