पिकअपच्या सीटमधली उंदरीण

मित्रांनो, मी एक म्हातारी उंदरीण आहे. दुकानात मिळते तशी पांढरी, गुबगुबीत नाही. शेतातली, मातीच्या रंगाची. आमच्यात दोन वर्षं म्हणजे पिकलं पान, आणि माझी दोन वर्षं होत आली.

माझा जन्म लेस नोस्के नावाच्या शेतकऱ्याच्या जुन्या पिकअप गाडीच्या सीटमध्ये झाला. ते उंदरांचं साल होतं. गहू उदंड आला आणि गव्हामागून आमची जातही. आमच्या लोकांनी गवताच्या गंजी पोखरल्या, विजेच्या तारा कुरतडल्या. एकाने तर झोपलेल्या लेसच्या कानाचा चावा घेतला. त्यामुळे एके दिवशी सीट उसकटताना आमचं घरटं सापडलं, तेव्हा लेसने सरळ पाण्याची बादली जवळ ओढली. आई पळून गेली होती. आम्ही सगळी उघडीनागडी, डोळे न उघडलेली, शेंगदाण्याएवढी.

त्याची बायको व्हर्ना कोंबड्यांना दाणे टाकून तिथे आली, तोवर आम्ही दोघी बहिणीच उरलो होतो.

"त्या दोघींना दे इकडे," ती म्हणाली.

"कशाला?"

"दे म्हटलं ना."

"वर्षभराचं गवत यांनी फस्त केलं, आणि तू यांना मांडीवर घेणार?"

"गवत यांच्या आयांनी खाल्लं, लेस. यांना अजून दातसुद्धा नाहीत."

तिने आम्हाला चपलांच्या खोक्यात ठेवलं. खाली टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी. रंगवायच्या बारीक ब्रशाचं टोक दुधात बुडवून ती आमच्या तोंडाशी धरायची. प्रत्येक वेळी दूध पाजल्यावर ओल्या कापसाने पोट हलकेच चोळायची, कारण एवढ्या लहानपणी आम्हाला आपलं आपण शी-शूही करता येत नाही. दूध होतं मांजराच्या पिल्लांसाठी मिळणाऱ्या पावडरीचं. लेस टोस्ट खाता खाता म्हणायचा, "मांजराच्या दुधावर उंदीर पोसतायत. मांजरांना कळलं तर कोर्टात जातील."

आम्ही जगलो. माझं नाव बटन, बहिणीचं पिन. माशांच्या रिकाम्या काचपेटीत आमचं घर झालं. वर जाळीचं झाकण, खाली पोटभर उकरता येईल असा माती आणि भुश्शाचा थर, लपायला पुठ्ठ्याच्या नळ्या, पळायला चाक. खायला जव, ओट, कधी पालेभाजीचं पान, कधी उकडलेल्या अंड्याचा कण. व्हर्नाने आम्हाला शेपटीला धरून कधी उचललं नाही, कुरवाळायचा हट्टही केला नाही. आम्ही रानच्या होतो. मोठा आवाज झाला की आमचं काळीज अजून हातभर उडायचं.

शेजारची ग्वेन एकदा पेटीत डोकावून म्हणाली, "हात लावू देत नाहीत, खेळत नाहीत. मग पाळायच्या कशाला?"

"बघायला."

"बघायला नवरा आहे की घरात."

"तो बिळातून बाहेर येत नाही," व्हर्ना म्हणाली.

पुढे व्हर्नाचा खुबा दुखू लागला आणि ऑपरेशनसाठी तिला ॲडलेड शहरात न्यावं लागलं. घरात लेस आणि आम्ही. तो सकाळी झाकण उघडायचा, मूठभर ओट टाकायचा, पाण्याची उलटी टांगलेली बाटली भरलेली आहे हे पाहायचा आणि शेतावर विषारी दाणे पेरायला निघून जायचा. पण बाटलीच्या नळीतली, चाटली की थेंब सोडणारी गोळी बोअरच्या पाण्याच्या क्षाराने अडकली होती. आम्ही नळी चाटत राहिलो. थेंब येईना. पिनने चाकावर जाणं सोडलं. मग ती कोपऱ्यात अंग फुगवून, डोळे बारीक करून बसली. मी तिला चिकटून बसले.

व्हर्नाचा फोन आला.

"माझ्या मुली कशा आहेत?"

"मजेत. एक झोपूनच असते. पाणीही फारसं पीत नाहीत, बाटली भरलेलीच आहे."

"लेस, नळीच्या टोकाला बोट लाव. आत्ता."

त्याने बोट लावलं. कोरडं. फोन टेबलावर तसाच राहिला. त्याने काकडी चिरली, एक ओली फोड पिनच्या पुढ्यात ठेवली आणि खुर्ची ओढून पेटीपाशी बसला. तिने तोंड वळवलं. त्याने फोड आणखी जवळ सरकवली. "खा गं," तो पुटपुटला. "नाहीतर ती मला घरात घेणार नाही." बऱ्याच वेळाने पिनच्या मिशा हलल्या आणि तिने काकडीत दात रोवले. फोनमधून व्हर्ना हाका मारत होती. लेसने तो उचलून एवढंच म्हटलं, "खाल्लं तिने."

व्हर्ना काठी टेकत घरी आली, तेव्हा पेटीत दोन बाटल्या लागल्या होत्या आणि लेसने डबे जोडून एक बोगदाही केला होता. ग्वेनने टोमणा मारला, "बाहेर विष आणि आत काकडी. काय माणूस आहेस."

"बाहेरच्यांशी माझं भांडण आहे," लेस म्हणाला. "या घरच्या आहेत. आणि झाकणावर टकटक करू नकोस, घाबरतात."

पिन या हिवाळ्यात झोपेतच गेली. तिचं वय झालं होतं. ती पोटभर खाऊन, मऊ भुश्शात, माझ्या कुशीत गेली. मीही आता चाकावर फार जात नाही, पण सुखात आहे.

मित्रांनो, रानातलं पिल्लू मुद्दाम घरी आणू नका. त्याला त्याची आई पुरेशी असते. पण कधी एखादं निराधार पदरात पडलंच, तर त्याचं रोजचं रोज बघा. त्याला बोलता येत नाही.

परवा लेसने पेटीत हात ठेवला, तळव्यावर सूर्यफुलाचं बी. मी कितीतरी वेळ लांबूनच पाहत होते. मग चढले, आणि पळून न जाता तिथेच बसून बी सोललं. त्याने मूठ मिटली नाही. तुमच्या तळहातावर कधी कुणी असं येऊन बसलं, तर तुम्हीही मूठ मिटू नका.